न हुंगलेली फुलं

“नाक तिकडं कर!”

मळ्यातल्या मावशीचं हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आजही बाजारात फुलांच्या ढिगाजवळ गेले की माझी मान आपोआप वळते. ती स्वतः तर फुलं तोडताना पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट खोचायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला वाफ्यांतून फिरताना पाहिलं की नवख्याला वाटावं, बाई औषध फवारतेय. देवाला जायचं फूल आधी माणसानं हुंगायचं नाही, हुंगलं की ते उष्टं होतं, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सांगतात. तुम्हीही ते ऐकलं असेल, आणि कुणी बघत नसताना मोडलंही असेल. मावशीनं ते कधी मोडलं नाही.

आमची चाळ नाशिकरोडला, नदीच्या अंगाला. वडील नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये होते. त्या नोकरीपायी कुठकुठची माणसं एका ओळीत राहायला आली होती. आमच्या एका बाजूला तमिळ अम्मा, दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण रोझी आणि तिचं मोठं ख्रिस्ती कुटुंब. चाळीची मागची भिंत संपली की मावशीचा मळा सुरू व्हायचा. मावशी सटाण्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा लवकर गेला. दोन मुलगे आणि तो मळा तिनं एकटीनं वाढवला.

रोज सकाळी मळ्यातून एकच टोपली निघायची. वर ओलं फडकं. ती टोपली डोक्यावर घेऊन मावशी आधी नदीकाठच्या महादेवाला जायची, तिथून रस्ता ओलांडून पीरबाबांच्या दर्ग्यात. नोव्हेंबरात रोझीच्या घरचे आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहायला जायचे, तेव्हा त्यांची शेवंतीही त्याच टोपलीतून यायची.

दर्ग्याची देखभाल करणारे चाचा तिला सुरुवातीला हसायचे. “बहन, हमारे यहां तो खुशबूही चाहिए. किसीने सूंघ लिया तो क्या बिगडा?”

“तुमच्याकडं चालत आसंल,” मावशी म्हणायची, “पन झाडाला काय ठावं, कोनतं फूल कुठं जायचंय?”

एकदा चाचा टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाले, “सही है. तेरे फूल तो रोजा रखते हैं.”

हे मावशीला भारी आवडलं. पुढे कितीतरी दिवस ती भेटेल त्याला सांगत होती, “चाचा म्हनतो, माझी फुलं रोजा धरत्यात!” महादेवाच्या गुरवालासुद्धा तिनं हे सांगितलं. तोही हसला.

रोझीचं आणि तिचं मात्र जमायचं नाही. म्हणजे जमायचं, पण भांडून. रोझी म्हणायची, “फूल देवानं वासासाठीच केलंय, आमचे फादर सांगतात.” मावशी म्हणायची, “देवानंच केलंय ना? मंग आधी त्याला घिऊ दी की वास.” एकदा उन्हाळ्यात मावशीची पाठ वळलेली पाहून रोझीनं मोगऱ्याच्या भरल्या टोपलीत अख्खं तोंड खुपसलं. नुसतं खुपसलं नाही, त्यात ती शिंकली.

आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. मावशीनं टोपलीकडे पाहिलं, रोझीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग ती बाकीची सकाळ झाडाखाली बसून गजरे ओवत राहिली. त्या दिवशी चाळीतल्या एकूण एक बाईच्या डोक्यात मोगऱ्याचा गजरा होता. आईच्या, अम्माच्या, रोझीच्या आजीच्यासुद्धा. चाळीला लग्नघराची कळा आली होती. वडील कामावरून आले ते दारातच थांबले आणि आज काय आहे म्हणून विचारायला लागले.

मावशीच्या डोक्यात मात्र गजरा नव्हता. विधवा बाईनं गजरा माळायचा नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आईनं एक गजरा तिच्याकडे केला तेव्हा तिनं तो हसून माझ्या वेणीत खोचला. मला तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतं. जन्म फुलांत गेला, पण एक फूल तिच्या वाट्याला नव्हतं. वारा जेवढा वास आणून देई तेवढाच तिचा.

आम्ही कॉलेजात जायला लागलो तोवर नदीकडचे मळे एकेक करून प्लॉट होत गेले. अम्मा त्यांच्या गावी परतल्या. रोझीच्या वडिलांनी वसईला घर घेतलं. नवी माणसं आली, आणि जुनी माणसंही जरा नवीन वागायला लागली. कोण कुठला हे आधीही सगळ्यांना ठाऊक होतं, पण आता लोक ते मुद्दाम विचारून घेऊ लागले.

देवळाचं काम बघणारी मुलं एक दिवस मळ्यात आली. वाईट मुलं नव्हती ती. मावशीच्या बांधावरची बोरं खाऊनच मोठी झाली होती. अदबीनं म्हणाली, “मावशी, देवळाची टोपली तेवढी वेगळी करा. तिकडं जाणारी फुलं आपल्या फुलांत नको.” त्याच आठवड्यात चाचांच्या पुतण्यानं दर्ग्याच्या पायरीवर तिला जवळपास तेच सांगितलं. चाचा शेजारीच बसले होते. ते खाली बघत राहिले.

“त्यात काय एवढं, आई?” धाकटा मुलगा म्हणाला. “दोन टोपल्या कर. धंदा हाय आपला.” आणि तो बाजारातून प्लास्टिकच्या दोन कोऱ्या टोपल्या घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या पूजेची फुलं आणायला गेले. मावशी मोगऱ्याच्या वाफ्यात बसली होती. नाकावर पदर. समोर दोन टोपल्या, दोन्ही रिकाम्या. हातात एक फूल. उन्हं चांगली वर आली होती. एवढ्या वेळात तिची टोपली देवळातून परतलेली असायची.

“सांग गं पोरी,” ती म्हणाली, “हे कोनत्या टोपलीत टाकू?”

तिनं ते फूल माझ्यापुढे धरलं.

“एका झाडाचं हाय. एका पान्यावरचं. हे इकडं टाकलं तर त्याच्या शेजारचं तिकडं कसं टाकू?”

धाकटा वैतागला होता. “टाक ना कसंबी. कोन बघतंय?”

मावशीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. कोण बघतंय! कुणी बघत नसतानाच तर ती आयुष्यभर पदर लावून फुलं तोडत आली होती, आणि पोटचा मुलगा तिला हे विचारत होता. बोलताना तिच्या तोंडून माहेरची अहिराणी आली. एरवी आमच्यासमोर ती अहिराणी कधी बोलायची नाही.

“मना मळा एकच शे,” ती म्हणाली. माझा मळा एकच आहे.

मग तिनं नाकावरचा पदर सोडला. हातातलं फूल वाफ्यात ठेवलं आणि मला म्हणाली, “ये. नाक लाव.”

मला कळेना.

“ये ना. आता हे कुनालाच जायचं नाय.”

आणि ती स्वतःच पुढे वाकली. मोगऱ्याची एक फांदी दोन्ही हातांनी धरून तिनं नाकाशी नेली आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मुलगा रिकाम्या टोपल्या हातात घेऊन नुसता उभा होता.

“आसा आसतो व्हय,” मावशी म्हणाली.

मला रडू आवरलं नाही. ती रडली नाही. ती तशीच वास घेत बसली होती.

त्यानंतर तिनं फुलं तोडली नाहीत. देवळाला आणि दर्ग्याला दुसरीकडून फुलं यायला लागली. कुणाचं काही अडलं नाही. मळ्यात मोगरा फुलत राहिला आणि वाफ्यात गळत राहिला. पुढे मुलांनी मळा विकला. जमीन सपाट करायच्या आधी मावशीनं मोगऱ्याची रोपं मुळासकट काढून ओळखीच्या घरी नेऊन दिली. एक आमच्याकडे, एक चाचांकडे. चाचांनी ते दर्ग्याच्या मागच्या अंगणात लावलं.

मळ्याच्या जागी बिल्डिंग झाली. तिच्यातच धाकट्यानं फ्लॅट घेतला आणि मावशी वरच्या मजल्यावर राहायला गेली. मी माहेरी आले की तिला भेटायचे. “फुलतो का गं मोगरा?” ती विचारायची. मी हो म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, “नाक तिकडं करती ना?” मी हो म्हणायचे. करतही होते.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. मी पोचले तेव्हा तिला खाली अंगणात आणलं होतं. धाकट्यानं दुकानातून मोठा हार मागवला होता. चकचकीत, कागदात गुंडाळलेला. देवळाची ती मुलं आता पोक्त झाली होती. तीही आली होती. निघायची तयारी झाली तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी थांबलं.

चाचा होते. फार थकले होते. पुतण्याच्या खांद्यावर एक हात, आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यानं झाकलेली लहानशी टोपली. तो हात त्यांनी शरीरापासून लांब धरला होता. हात भरून आला असावा, तरी टोपली जवळ घेत नव्हते. मान त्यांनी पूर्ण दुसऱ्या बाजूला वळवली होती, त्यामुळे समोरचं दिसत नव्हतं आणि पाय अडखळत होते.

धाकटा पुढे गेला.

“उसीका मोगरा है,” चाचा त्याच्याकडे न बघता म्हणाले. “किसीने सूंघा नहीं.”

धाकट्यानं दोन्ही हातांनी टोपली घेतली. आईपर्यंत जायला अंगणातली थोडीशी वाट होती. तेवढी वाट तो मान तिकडे वळवून चालत गेला.