काचेच्या कपाटातली टोपली

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला राहत होतो. नवरा इंजिनिअर, मला मात्र व्हिसामुळे नोकरीची परवानगी नव्हती. म्हणून मी जवळच्या एका लहानशा म्युझियममध्ये बिनपगारी काम धरलं. दारापाशी बसून तिकिटं द्यायची.

एका मंगळवारी साठीच्या एक बाई आल्या. इथल्याच मूळ आदिवासी जमातीच्या, ज्यांना तिकडे 'इंडियन'च म्हणतात. काचेच्या कपाटातल्या विणलेल्या टोपलीपुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "ही मेलेल्या माणसाबरोबर पुरतात. बघायची वस्तू नाही. काढा ती."

मी संचालकांना बोलावलं. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "तुमची आहे याचा काही कागद?"

"कागद तुमच्याकडेच असेल. थडगं उकरताना लिहून ठेवलं असेल ना?"

दुसऱ्या दिवसापासून त्या तिकीट काढून यायच्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहायच्या. येईल त्याला शांतपणे सांगायच्या, "बघू नका. हे आमच्या माणसाच्या थडग्यातलं आहे." बहुतेक जण ओशाळून पुढे जायचे. एकदा शाळेची मुलं आली. त्यांनी ऐकलं आणि सगळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांची शिक्षिका बघतच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात संचालक मला म्हणाले, "तूच सांग तिला जायला. तुम्ही दोघी इंडियन. तुझं ऐकेल."

माझं डोकं फिरलं. "मला इथे येऊन तीन वर्षं झाली. त्या इथल्याच आहेत. त्यांना जा म्हणणारी मी कोण?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"येईन. तिकीट काढून येईन."

आणि मी खरंच गेले. बाईंनी आभारबिभार मानले नाहीत. "तू दाराकडच्या लोकांना सांग," एवढंच म्हणाल्या.

महिन्याभराने कपाटावर पांढरी चादर आली. मला वाटलं, जिंकलो. बाई म्हणाल्या, "झाकणं म्हणजे परत देणं नव्हे." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

पुढच्या वसंतात म्युझियमने शेवटी टोपली परत दिली. न्यायला बाई दोन भावांना घेऊन आल्या होत्या. टोपलीचा खोका त्यांनी म्युझियमच्या कुणाला उचलू दिला नाही, फोटोलाही नकार दिला.

"कुठे पुरणार?" मी गाडीपाशी विचारलं.

"ते तुला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.