आधी माप, मग कात्री

आमच्या घरात मूल जन्मलं की नाव ठरायच्या आधी निकाल लागतो: हे कुणावर गेलंय? माझी नणंद तिच्या बाबांवर गेली. तेच रुंद कपाळ, तोच हट्ट. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आईवर गेला. सासूबाईंचे दाट केस आणि त्यांच्यासारखीच अवघड विषय निघाला की खोलीतून सटकायची कला. आमची मुलगी मात्र थेट आत्यावर, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. मीही म्हणायचे.

नणंद कपडे दुरुस्त करते. बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखाली तिचं दुकान: एक मशीन, एक लांब टेबल, एक पडदा आणि पडद्यामागे आरसा. गळ्यात सदानकदा टेप, म्हणून गल्लीत तिचं नाव 'टेप'. एकदा बोलायला लागली की थांबत नाही, हे दुसरं कारण. "नेहमीचंच माप आहे, कापा," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती उभं करून पुन्हा मापते. "आधी माप, मग कात्री. कापलेलं कापड वाढत नाही."

त्याच आरशापुढे एक जाकीट अंगाला लावून बघताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी केमो देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन. एकच बाजू काढायची की दोन्ही, ते जीनच्या, म्हणजे जनुकाच्या, तपासणीचा निकाल आल्यावर बोलू.

"बरोबर आहे," नणंद म्हणाली. "आधी माप."

"घरात आणखी कुणाला होता?"

"कुणालाच नाही. आई ऐंशीची आहे, ठणठणीत."

"आणि वडिलांकडे?"

सासऱ्यांची बहीण तरुणपणीच पोटात पाणी होऊन गेली होती. पोटाचा आजार, त्याचा छातीशी काय संबंध, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. "पोटाचा, की अंडाशयाचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अंडाशयाचा आणि छातीचा, दोन्ही कॅन्सर एकाच बिघाडातून येऊ शकतात म्हणे.

नणंदेच्या तपासणीत बिघाड निघाला. सासूबाईंच्या रक्तात तो नव्हता, म्हणजे आला सासऱ्यांकडून; ते तर कधीच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं: पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारा एक जीन असतो. त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. एक जन्मापासून निकामी असली तरी दुसरी काम रेटते. पण एखाद्या पेशीत तीही बिघडली, की दुरुस्ती बंद पडते आणि गाठीला वाट मोकळी होते.

"म्हणजे रफू करणारीच्या अंगातलाच रफूवाला पळाला," नणंद म्हणाली. हसली फक्त तीच.

मग डॉक्टरीणबाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्यातही असायची शक्यता निम्मी. पुरुषांतही हा येतो आणि पुढे मुलीत उतरू शकतो. तुमच्यात नसेल, तर मुलीचा प्रश्नच मिटला."

"मी आईवर गेलोय," नवरा म्हणाला.

"चेहऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही."

पण हे त्याच्या कानात शिरलंच नाही. तपासणीचं नाव काढलं की आज काम, उद्या सर्दी, परवा गाडी बिघडली. मी समजावलं, ओरडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी! मला त्याचा संताप यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. तेवीस वर्षांची पोरगी आंघोळीला गेली की मी त्या बंद दाराकडे बघत बसायचे.

केमो चालू असतानाही नणंद बरं वाटेल तेव्हा दुकानात यायची. केमो संपत आली तेव्हा एका दुपारी आम्ही दोघं तिचा डबा घेऊन गेलो. तिने हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि डोक्याचा रुमाल सोडला. केस नाहीत, भुवया नाहीत, नुसतं ते रुंद कपाळ. टेबलामागे जणू सासरेच बसले होते, टकलासकट.

"बघ, आता पुरती बाबांवर गेले," ती म्हणाली.

नवरा हसला. हसता हसताच त्याला रडू फुटलं.

"तुझे केस आईचे आहेत रे. आत काय आहे ते आरशात दिसतं होय? मी परक्याच्या पँटला अंदाजाने कात्री लावत नाही, आणि तू पोरीच्या जिवाचा अंदाज करतोयस?"

"उद्या जातो, ताई."

"आत्ता. डबा मी नंतर खाईन."

तो गेला. रक्त दिलं. निकाल यायच्या आत नणंदेचं ऑपरेशन झालं, दोन्ही बाजू काढल्या. ती हात जरा वर करू लागली आणि दुकान पुन्हा उघडलं, त्याच आठवड्यात त्याचा निकाल आला. त्याच्यातही होता. त्याने तो मुलीला स्वतः सांगितला, खोलीतून न सटकता. त्याबद्दल मी त्याला बरंच माफ केलं.

मुलगी ऐकून घेऊन सरळ दुकानात गेली. मी मागोमाग. ती पडद्यामागच्या आरशासमोर उभी होती आणि तिच्या मागे आरशात नणंद, नुकते कोवळे केस फुटलेली. तेच कपाळ दोनदा दिसत होतं.

"आत्या, मी कुणावर गेलेय गं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आमच्या घरात कधी कुणी अडलं नव्हतं.

नणंदेने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"मापल्याशिवाय मी सांगत नाही," ती म्हणाली, आणि पोरीला रक्ततपासणीला न्यायला चपला शोधू लागली.