सुभेदारांचा सोन्याचा दात

"डाक्टर, ह्यो दात आत्ताच्या आत्ता काढा," सुभेदारांच्या बायकोने मला फर्मावलं. सुभेदार खुर्चीत बसले होते आणि तोंड उघडायला तयार नव्हते. नुकतंच संपलेलं मोठं युद्ध लढून आलेला माणूस, पण बायकोपुढे त्यांची सगळी शिस्त ढासळली होती.

दात दुखत नव्हता, किडलेलाही नव्हता. तो सोन्याचा होता आणि थोड्याच दिवसांपूर्वी मीच बसवला होता.

साताऱ्यात तेव्हा दाताचे डॉक्टर फार नव्हते. लोक यायचे ते गाल सुजल्यावर, तेही लवंग, हळद आणि शेजारणीचे सल्ले संपल्यावर. सुभेदार मात्र समोरच्या ठणठणीत दातावर बोट ठेवून म्हणाले होते, "ह्याला सोन्याची कॅप घालायची."

कॅप म्हणजे दाताची टोपी. ती बसायला दात चारी बाजूंनी घासावा लागतो, आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. हे मी त्यांना समजावलं. तोंडात आरसा घालून पाहिलं, तर वरची एक दाढ चांगलीच किडलेली.

"सोनं घालायचंच तर ह्या दाढेवर घालू. दाढ वाचेल."

"आन् दिसनार कुनाला?"

"दिसायचं कशाला?"

"मग सोनं तरी कशाला?"

त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. व्याही सांगलीकडचे, उसाच्या मळ्यांचे. सुभेदार म्हसवडच्या बाजूचे, कोरड्या रानाचे. बैठकीत आपलंही वजन पडावं, एवढीच त्यांची इच्छा. शेवटी मी पायाने चालणारं ड्रिल फिरवलं, दात घासला आणि कॅप बसवली. काम सुरेख झालं होतं. सुभेदार आरशापुढून हलेनात.

पण सोन्याच्या दाताची एक खोड असते. ओठ मिटला की तो झाकला जातो. म्हणून सुभेदारांनी ओठ मिटणंच सोडून दिलं.

"जल्मात कंदी न हसल्याला मानूस," बाई सांगू लागल्या, "आता मयताला बी हसतोय. परवा बैठकीत पावनं सांगत हुतं, जोडीतला बैल साप चावून मेला म्हनून. डोळ्यांत पानी आलं त्यांच्या. आन् ह्ये म्होरं बसून हसत्यात."

"हसत न्हवतो," सुभेदारांनी अखेर तोंड उघडलं. "दात दावत हुतो."

"त्ये त्यांस्नी काय ठावं? आमच्या दुःखाला हसनाऱ्याची पोरगी नगं म्हनून निरोप आलाय. पोरगी चुलीम्होरं बसून रडतीया."

मलाही हसू येत होतं, पण त्या मुलीचं ऐकून ते आतच राहिलं. आता प्रश्न धंद्याचा होता. कॅप काढली तर खाली घासलेला खुंट. तो घेऊन व्याह्यांसमोर जायची सोय नव्हती.

"सुभेदार, खरं सांगा. दात बसवून बरं वाटलं का?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "पयल्यांदा लय बरं वाटलं. मग मानसं माज्याकडं बघायचीच बंद झाली. बोलताना समदी दाताकडं बघायची. मी काय बोललो, त्ये कुनाच्या ध्यानातच न्हाई."

मला त्यांची दया आली. मी सुचवलं की समोर चिनी मातीची पांढरी कॅप घालू आणि हे सोनं वितळवून त्या किडक्या दाढेवर चढवू.

"दिसंल?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग घाला."

दाढेला सोनं थोडं कमी पडत होतं. बाईंनी गळ्यातल्या बोरमाळेचा एक मणी काढून माझ्या हातावर ठेवला. "रातचं दाढंनं कन्हत्यात. मला झोप न्हाई," त्या म्हणाल्या. सुभेदार पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

नवा दात बसल्यावर सुभेदार एकटेच सांगलीला गेले. व्याह्यांची माफी मागितली, बैलाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि ओठ मिटून शेवटपर्यंत ऐकली. आपण लढाईवर असताना घरचा एक बैल गेला होता, तेही सांगितलं. दोघांचेही डोळे ओले झाले म्हणे. सोयरीक जुळली.

लग्नाचं मलाही आमंत्रण होतं. पंगतीत व्याही सुभेदारांच्या शेजारी बसले होते. जिलबीचा आग्रह करता करता ते म्हणाले, "सुभेदार, आता खुशाल हसा. म्या नवा बैल आनलाय."

सुभेदारांनी मान मागे टाकली आणि खदाखदा हसले. तोंडात मागे, वरच्या बाजूला सोनं लखकन चमकलं.

व्याही वाकून बघू लागले. "आवं, ह्ये कवा बसिवलं?"

सुभेदारांनी पटकन तोंड मिटलं. "दाढ किडली हुती," ते म्हणाले आणि जिलबी खाऊ लागले. समोरच्या पंगतीतून त्यांची बायको त्यांच्याकडे बघत होती. दाताकडे नव्हे.

समोरचं सोनं दाखवायला नुसता ओठ वर केला तरी भागतं. दाढेवरचं दिसायला माणसाला खरोखर हसावं लागतं. पुढे माझ्याकडे जो कोणी सोन्याचा दात बसवायला आला, त्याला मी आधी विचारत असे, दाढ चालेल का? बहुतेक जण दुसऱ्या डॉक्टरकडे जात.