टोटलच्या ओळीतला सहा

"दोन आणि दहा मिळून दोन पूर्णांक आठ? ए, तुला हिशेब कुणी शिकवला?"

साहेब पडद्यावरच्या टोटलच्या ओळीवर पट्टी आपटत होते. मिटिंगमधले सगळे हसले. मी कॉम्प्युटरपाशी उभी. "तुमच्या लोकांना मार्क फुकटच मिळतात," साहेब म्हणाले. "मग असंच होणार."

साहेब मराठीच. बडोद्यातलं जुनं घराणं. ऑफिसातल्या बाकीच्या सगळ्या मुलींना ते 'बेन' म्हणत. मी एकटी 'ए'. आडनाव विचारलं, त्या दिवसापासून. बाप माझा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात हेल्पर. मी घरातली पहिली पदवीधर, वाघोडियाच्या या व्हॉल्व्हच्या कारखान्यात टेंपररी. रिपोर्टचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. रद्द मालाच्या टक्क्यांचं सूत्र मी बसवलं. मी!

आणि ते बरोबर होतं. पहिल्या लाइनवर नऊशे व्हॉल्व्ह, अठरा रद्द. दोन टक्के. दुसऱ्या लाइनवर शंभरच, दहा रद्द. दहा टक्के. मिळून हजारात अठ्ठावीस. म्हणजे दोन पूर्णांक आठ. टक्क्यांची बेरीज करायची नसते, नुसती सरासरीही नाही. टोटलच्या ओळीत भागाकार नव्याने करावा लागतो. एवढंच तर सांगायचं होतं. पण मी "सॉरी सर," म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण म्हणाले.

"दोन आणि दहाची सरासरी सहा. सहा टाक."

सूत्र पुसून मी हाताने सहा टाकला.

आमच्याकडे रिवाज होता. टोटल पाचच्या वर गेली की टेंपररी कामगारांना ब्रेक. महिनाभर घरी बसायचं, आणि परत आलं की नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची. कायम व्हायचं नावच नको. त्या आठवड्यात तीस जणींना ब्रेक दिला. मला नाही, कारण रिपोर्ट कोण काढणार?

गेटवर पहिल्या लाइनवरच्या मंगूबेन भेटल्या. हातात रिकामा डबा. "बेन, अमे आटलुं बधुं बगाड्युं?" आम्ही एवढा माल बिघडवला का, इतकंच विचारत होत्या. रागसुद्धा नव्हता त्यांना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात टोटल आली तीनच्या आत. साहेबांनी पुन्हा पट्टी उचलली. "परत तेच? सहा टाक."

मी खडू घेतला. फळ्यावर लिहिलं. बनले किती, रद्द किती, भागाकार. कुणी हसलं नाही. साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

"ते मलाही येतं," ते हळूच म्हणाले. "तू सहाच टाक. तुला कायम करायचं मी बघतो."

येत होतं! म्हणजे मागच्या महिन्यातही येत होतं. माझी जात काढली ती गणित झाकायला. मी मान खाली घातली की आकड्यांकडे बघायचंच राहून जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंगाची आग आग झाली माझ्या.

"टाकणार नाही," मी म्हणाले. "आणि मला ए म्हणायचं नाही."

दोन्ही महिन्यांचे खरे रिपोर्ट छापले. कँटीनच्या भिंतीवर चिकटवले आणि गुजरातीत मोठ्याने वाचून दाखवले. मागच्या महिन्याचा सहा मीच टाकला होता, हेही सांगितलं. मंगूबेनच्या एका मैत्रिणीने माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. बरोबरच केलं तिने. संध्याकाळी माझ्या हातात ब्रेकचा कागद आला.

दुसऱ्या दिवशी मंगूबेनच्या घरी गेले. ओसरीवर बसून 'ब्रेक रद्द करा' असे तीस अर्ज लिहिले, एकतिसावा माझा. अर्जात माझी चूक आधी लिहिली, साहेबांची नंतर. कामगार खात्याच्या दारात आम्ही रोज उभ्या राहिलो. कारखान्याने मला परत घेतलं नाही.

आज दुसरीकडे काम करते. कुणी टोटल दाखवली की विचारते, कशाला कशाने भागलंत? इथले साहेबही चिडतात. चिडू देत. उत्तर मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही.