साहेबांसाठी बोंबील

सातपाटीला आमच्या अंगणात आज बोंबील सुकताहेत. त्या वासासरशी माझं डोकं पुन्हा तापलंय.

गेल्या वर्षी बोईसरच्या ऑफिसात मी नवी होते. बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवायला गेलं की स्क्रीनवर लाल अक्षरं यायची: फाइल सापडत नाही. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "माझ्या मशीनवर होतं, तुझ्याच मशीनवर का होत नाही? कोड म्हणजे काय मासे निवडणं वाटलं?" सगळे हसले.

दुपारी मी बिल्डच्या सूचनांची फाइल ओळ न ओळ वाचली. साहेबांनी त्यात स्वतःच्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा पत्ता लिहून ठेवला होता. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ते चालणारच नव्हतं. मी दाखवलं.

"मग बदल की," ते मान वर न करता म्हणाले. "आणि उद्या येताना सुके बोंबील आण. तुमच्याकडचे मस्त असतात."

ओरडण्याचा राग केव्हाच गेला. या बोंबलांचा जात नाही.

आईने चांगले मोठे निवडून पिशवीत भरले. "सायेब हाय तुजा," म्हणाली. ती पिशवी मी वाटेत खाडीत भिरकावली. आईला ते ठाऊक नाही.

आत्ता ती अंगणातून विचारतेय, "तुज्या सायबाला आवडले व्हते ना गं? यंदा बी देऊ?"