बोर्लीपर्यंत

दिवेआगरला कोकिळाचं घर समुद्रापासून पाच मिनिटांवर, तरी किनाऱ्यावर जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्याने, सुजितने, मुंबईची नोकरी सोडून वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या, तेव्हा तिलाच जास्त आनंद झाला होता. माणूस कायमचा घरी आला. पण मग शनिवार-रविवार गेले, सणवार गेले. सकाळचे पोहे संपतात तोच सोलकढीचे नारळ खवायला घ्यायचे, आणि ताटं घासून होतात तोच कुणाला तरी मोदक हवे असायचे.

नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारी तळ्याहून, तिच्या माहेरून, भावाचा, मोरूचा, फोन आला.

"ताई, आई पडली. मांडीचं हाड मोडलंय. उद्या पहाटे मुंबईला नेतोय, ऑपरेशनला. सारखं तुझं नाव घेतेय."

"तिन्ही खोल्या भरल्यात," सुजित म्हणाला. "सोमवारी जाऊ ना दोघं."

"सोमवारी तिथं कोण असणार हाय?"

बारा माणसांचं जेवण उरकून तिने तीनची एसटी पकडली. गावाबाहेर पडताच गाडी थांबली. समोरून पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, एसटी पुढे सरकेना ना मागे. पाऊण तासाने चालक इंजिन बंद करून खाली उतरला. खिडकीखालच्या मोटारीतून एका बाईने विचारलं, "काकी, बीच अजून किती लांब?"

"इथंच हाय," कोकिळा म्हणाली आणि पिशवी घेऊन उतरली.

पुढच्या गावापर्यंत, बोर्लीपर्यंत, ती चालत गेली. स्टँडवर कळलं, पुढची गाडीही कुठेतरी अडकलीय. एकही रिक्षावाला तयार होईना. तिने मोरूला फोन केला. त्याने तो आईच्या कानाला लावला.

"निघालीस ना गो?" आईने विचारलं.

तेवढ्यात सुजितचा फोन येऊ लागला. पाहुणे जेवणाचं विचारत होते. ओळखीच्या एकाच्या मोटारसायकलवर बसून ती परत आली आणि आठ वाजता सुरमई तळत उभी होती.

ऑपरेशन नीट झालं आणि मोरूने आईला तळ्याला परत आणलं. बाराव्या दिवशी कोकिळाने तिसऱ्या खोलीतल्या चादरी बदलल्या आणि सुजितला सांगितलं, "आईला इथं आणतेय."

"सीझन हाय, कोकिळा."

"असू दे. जमत न्हाय तर उद्यापासून तुम्ही रांधा."

दोन दिवसांनी सुजितच गाडी घेऊन तळ्याला गेला आणि सासूला घेऊन आला.

कोकिळाचं काम कमी झालं नाही. उलट आईची अंघोळ, औषधं, मालिश हेही वाढलं. पण दुपारी ती त्या खोलीत शिरते, आतून कडी लावते आणि आईच्या पायाशी आडवी होते. बाहेरून हाका येतात. पंधरा मिनिटं ती ओ देत नाही.