पुराव्याची इडली

उद्या सूर्य पूर्वेला उगवणार, असं साऱ्या जगानं एकमतानं सांगितलं असतं, तरी आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा पहाटे उठून गच्चीवर खात्री करायला गेले असते. आणि तो खरोखरच पूर्वेला उगवलेला पाहून, 'कालच्यापेक्षा स्वल्प लहानच वाटतोय ओ,' असं म्हणून खाली आले असते. बँकेनं माझी पुण्याहून बंगलोरला बदली केली, आणि बसवनगुडीतल्या एका दुमजली घराचा वरचा मजला आम्हा नवराबायकोला भाड्यानं मिळाला. खाली अण्णा आणि अक्का, तेही भाडेकरूच. मूळचे बेळगावकडचे, पण बंगलोरात इतकी वर्षं मुरलेले, की मराठीत बोलता बोलता कानडीत शिरत आणि परत यायचं विसरत. अण्णांची सगळी नोकरी एका कापडगिरणीत गेली होती. काम एकच, तयार झालेला तागा उजेडासमोर धरायचा आणि त्यातला दोष शोधायचा. निवृत्तीनंतर तागे थांबले, पण नजर थांबली नाही. आम्ही राहायला आलो त्या दिवशी हे गृहस्थ स्वागताला फिल्टर कापी घेऊन वर आले, आणि पेला माझ्या हातात देता देता म्हणाले, "बदलीच ना ओ ही? का मागं काय भानगड आहे?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. महागाईचा दर घसरल्याच्या बातम्या पेपरात मोठ्या अक्षरांत येऊ लागल्या होत्या. बँकेतला माणूस म्हणून मला त्या बातमीचं उगाचच कौतुक. मी ती अण्णांना खुशीत वाचून दाखवली.

"घसरला? कुठं घसरला? आमच्या गल्लीत तर काय पडलेला दिसला नाही."

मी समजावून सांगितलं की दर घसरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे. भाव चढतातच, पण आता सावकाश चढतात. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि माझ्याकडे तागा बघितल्यासारखं बघितलं. "म्हणजे चोर घर सोडून गेला नाही. दमलाय, म्हणून हळूहळू नेतोय. आणि तुम्ही ब्यांकवाले म्हणताय, पेढे वाटा." 

महागाई गेलेली नाही, ती फक्त वेश पालटून वस्तूंच्या आत जाऊन बसली आहे, असा अण्णांचा सिद्धांत होता. भाव तोच ठेवायचा आणि माल चोरायचा. त्यांनी एकदा अंगाचा साबण घेऊन मला भर रस्त्यात थांबवलं. वडी दोन्ही बाजूंनी मधोमध खोलगट झाली होती. "साबणाला कंबर कशाला पाहिजे ओ? पूर्वी होती काय?" टूथपेस्टच्या नळीचं तोंड रुंद केलं ते पेस्ट लवकर संपावी म्हणून, काड्यापेटीतल्या काड्या ओल्या भरतात त्या दोन दोन मोडाव्यात म्हणून, आणि चहाच्या पुड्याबरोबर चमचा फुकट देतात तो आपलं लक्ष पुड्यावरून उडावं म्हणून. असा एक फुकट चमचा अक्कांनी हौसेनं आणला, तर अण्णांनी तो कितीतरी दिवस खिडकीत उन्हात ठेवून दिला. काय होतंय ते बघू म्हणाले. काही झालं नाही, म्हणून संशय अधिकच वाढला. एकदा तर कांदा खरोखरच स्वस्त झाला, सगळी गल्ली पिशव्या भरभरून आणायला लागली, आणि अण्णा रिकाम्या पिशवीनं परत आले. "इतका स्वस्त देतोय म्हणजे त्या कांद्यात काहीतरी आहे." पुढं कांदा भडकला आणि लोकांच्या डोळ्यांत न चिरताच पाणी आलं, तेव्हा अण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "मी म्हणालो नव्हतो?" काय म्हणाले होते ते विचारायचं धैर्य कुणाला झालं नाही.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे कोपऱ्यावरच्या दर्शिनीचा मॅनेजर. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. अण्णा रोज सकाळी तिथं जात, आणि मला सुटी असली की मीही बरोबर असे. एका कापीचे दोन अर्धे पेले करून घ्यायचे, त्याला बंगलोरात बाय टू म्हणतात. दोन अर्ध्यांची बेरीज एक होत नाही, मधल्या मध्ये घोटभर कुणीतरी खातो, अशी अण्णांची पक्की खात्री होती, तरी ते घेत मात्र बाय टूच. बरोबर एक प्लेट इडली. प्लेटीत दोन इडल्या. एक ते मुकाट्यानं खात. मग कापडी पिशवीतून एक स्टीलची वाटी निघे. अक्कांच्या लग्नातली, बुडाशी त्यांच्या माहेरचं नाव कोरलेली. दुसरी इडली त्या वाटीच्या तोंडावर ठेवायची. "पूर्वी झाकणासारखी वर बसायची. आता बघा." इडली आपली आत घसरे.

मॅनेजर हात जोडून म्हणे, "सार, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

"ऐकलंत? थोडं सांभाळून घ्या म्हणतोय! सगळी महागाई या स्वल्पात बसलीय बघा." मग ग्राहक कोर्टाची धमकी. मग पुरावा म्हणून ती इडली वाटीसकट पिशवीत. हा कार्यक्रम रोजचा होता. इतके पुरावे गोळा करून हा माणूस एकदाही कोर्टात कसा जात नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी पुणेकर, दुसऱ्याच्या भांडणात रस असतो, निकालात नाही.

त्याच सुमाराला बँकांनी ठेवींवरचं व्याज उतरवलं. महागाईचा दर घसरला की व्याजाचा दरही घसरतो, आणि गिरणीतून मिळालेले सगळे पैसे अण्णांनी आमच्या बँकेत ठेवले होते. त्या व्याजावरच त्या घरात चूल पेटत होती. ठेवीची मुदत संपली, नवा दर लागला, आणि अण्णा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मला वाटलं, आता पाणउतारा होणार. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "कागदावरची महागाई कमी झाली म्हणून तुम्ही व्याज कमी केलं. सरी, ठीक आहे. तूरडाळीला कुणी कळवलं नाही काय ओ?" मला फार वाईट वाटलं. व्याजाचा दर वरच्या साहेबांच्या हातात असतो असं काहीतरी पुटपुटून मी त्यांना चहा मागवला, आणि त्यांनी तो संशय न घेता प्यायला, तेव्हा मला जास्तच काळजी वाटली.

त्यानंतर ते नेहमीसारखं बोलत, पण आमच्या घरी येऊन माझ्या बायकोला भलतेच प्रश्न विचारू लागले. "वहिनी, देव तेच, वार तेच, मग बायकांचे उपास वाढतात कसे ओ?" अक्कांचा आधी फक्त सोमवार असे. मग गुरुवार आला, शनिवार आला, पाठोपाठ संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. बायको मला म्हणाली, "आपल्याकडे उपास म्हटला की साबुदाण्याचा डबा आधी रिकामा होतो. अक्का नुसतं ताक पितात. आणि विचारलं तर म्हणतात, भूकच नसते गं." इतर दिवशी त्या अण्णांच्या मागून जेवायला बसत, आणि जेवण झालं म्हणून सांगत.

एका गुरुवारी मला सुटी होती, पण सर्दीमुळे मी दर्शिनीत गेलो नव्हतो. पेपर परत द्यायला खाली गेलो, तर दार उघडंच. अण्णा नुकतेच आले होते. त्यांनी वाटी अक्कांच्या पुढ्यात ठेवली होती.

"बघून सांग. लहान आहे की नाही?"

"आहे की लहान."

"नुसतं बघून काय कळतंय? पिठातही खोट असेल. खाऊन सांग."

"आज गुरुवार आहे ओ माझा."

"हा पुरावा आहे. पुरावा तपासला तर उपास मोडत नाही. कोणत्या पोथीत लिहिलंय मोडतो म्हणून?"

अक्कांनी एक तुकडा मोडला. मग दुसरा. अण्णा तिथंच पाटावर बसून, घास तोंडात जातो की नाही ते बघत होते. वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती उचलून उजेडात धरली, आत काही उरलं नाही याची खात्री केली आणि विचारलं, "मग?"

"लहानच आहे," पदरानं तोंड पुसत अक्का म्हणाल्या. "उद्या परत आणून बघा."

मी पेपर तसाच घेऊन वर आलो. बराच वेळ नाक पुसत बसलो. बायकोला सर्दी म्हणून सांगितलं.

पुढं माझी पुण्याला बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढत होतं, आणि अण्णा ट्रकवाल्यानं दोर जुना वापरलाय म्हणून त्याच्याशी भांडत होते. निघताना आम्ही दोघांच्या पाया पडलो. अक्कांनी बायकोच्या ओटीत नारळ घातला. अण्णा मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि बाजूला घेऊन म्हणाले, "पुण्यात महागाई कमी आहे म्हणतात. विश्वास ठेवू नका."

"नाही ठेवणार."

त्यांनी फाटकाची कडी उगाचच काढून घातली. "आणि वहिनी जेवले म्हणाल्या, तर त्यावरही ठेवू नका. भांडं उघडून बघा."

आता दोघंही नाहीत. महागाई मात्र अधूनमधून घसरत असते. तशी बातमी वाचली की मी पेपर ठेवतो आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलतो. बायको म्हणते, "काय बाई संशयी माणूस!" मी म्हणतो, "तू जेवलीस का?"